अल्काप्टोनुरियात कूर्चा ॲसिडने विरघळत नाही

अल्काप्टोनुरिया या जन्मजात आजारात लघवी आणि सांध्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) काळी पडते. त्याबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: चुकीच्या आहाराने साचलेलं ॲसिड सांध्यांची कूर्चा विरघळवतं, अल्कलाइन पाणी प्या, व्हिटॅमिन सी घ्या, प्रथिनं सोडा, की कूर्चेचा काळेपणा धुऊन निघेल, औषध तर नाहीच. पहिलंच विधान फसलेलं आहे, म्हणून आधी तेच बघू.

‘ॲसिड कूर्चा विरघळवतं.’ टायरोसिन हे अमिनो आम्ल मोडताना होमोजेंटिसिक ॲसिड सगळ्यांच्याच शरीरात तयार होतं आणि पुढच्या एन्झाइममुळे लगेच फुटतं. या आजारात ते एन्झाइम बनवणाऱ्या एचजीडी जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. आहाराचा दोष नाही. ब्रिटिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी 1902 मध्येच हा आजार आनुवंशिक असल्याचं दाखवलं होतं. रोज काही ग्रॅम ॲसिड तयार होतं, बहुतेक लघवीतून निघून जातं. उरलेल्याने रक्त काही आंबट होत नाही.

खरा घात ऑक्सिडेशनचा. होमोजेंटिसिक ॲसिडचं ऑक्सिजनशी संयोग होऊन बेंझोक्विनोन ॲसेटिक ॲसिड हे क्विनोन गटातलं रसायन बनतं. हे भलतंच चपळ: आपसांत जुळून गडद रंगद्रव्य होतं आणि कूर्चेला आधार देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंना चिकटतं. (कापलेलं सफरचंद तपकिरी पडतं, तिथंही क्विनोनच असतात.) यालाच ऑक्रोनोसिस म्हणतात. निरोगी कूर्चेत कोलॅजनवर प्रोटिओग्लायकनचं (साखर जोडलेल्या प्रथिनांचं) आवरण असतं. वय आणि भार यांनी ते विरळ झालं की तंतू उघडे पडतात आणि रंग तिथंच बसतो, असा एक मान्यताप्राप्त विचार आहे. जन्मजात आजार असूनही सांधे साधारण तिशीनंतरच का दुखू लागतात, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो. रंगद्रव्याची सुरुवात खोलवरच्या, हाडाला लागून असलेल्या कॅल्सिफाइड (कॅल्शियम साचलेल्या) थरात होते. रंगलेली कूर्चा मऊ पडत नाही, उलट कडक आणि ठिसूळ होते. भाराचं वाटप बिघडतं, भेगा पडतात, काळे तुकडे सुटून सांध्याच्या आतल्या पटलात रुततात. विरघळण्याच्या अगदी उलट प्रकार.

‘अल्कलाइन पाणी प्या.’ रक्ताचा सामू (पीएच) 7.35 ते 7.45 मध्येच राहतो, पाण्याने तो सरकत नाही. गंमत म्हणजे अल्कली मिळालं की होमोजेंटिसिक ॲसिडचं ऑक्सिडेशन वाढतंच. या रुग्णांची लघवी अल्कलीमुळे लवकर काळी पडते, हे जुन्या निदानतंत्रातच आहे.

‘व्हिटॅमिन सी घ्या.’ इथं अर्धं सत्य आहे. ते क्विनोनला परत मूळ रूपात आणतं, म्हणून कल्पना सुचणं साहजिकच. पण होमोजेंटिसिक ॲसिड तयार होणं थांबत नाही, आणि सांध्यांना ठोस फायदा झाल्याचं दिसलेलं नाही.

‘प्रथिनं सोडा.’ मर्यादित ठेवता येतात, सोडता येत नाहीत. टायरोसिन शरीर फेनिलॲलनिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासूनही बनवतं आणि स्वतःच्या प्रथिनांच्या मोडतोडीतूनही ते सुटतं.

‘काळेपणा धुऊन निघेल.’ कूर्चेतलं कोलॅजन प्रौढपणी जवळजवळ बदलतच नाही. त्याला घट्ट बांधलेला रंग पाण्याने कसा जाणार, हे मजकूर सांगत नाही.

‘औषध नाही.’ आहे. निटिसिनोन होमोजेंटिसिक ॲसिड बनवणारं एन्झाइमच अडवतं. त्याचा शोध तणनाशकांच्या संशोधनातून लागला. सोनिया 2 या चाचणीत 138 रुग्ण चार वर्षं पाहिले गेले. रोज 10 मिलिग्रॅमने लघवीतलं होमोजेंटिसिक ॲसिड 99 टक्क्यांहून जास्त घटलं आणि आजाराची वाढ मंदावली. 2020 मध्ये युरोपमध्ये प्रौढांसाठी मंजुरी मिळाली. मात्र रस्ता अडवला की टायरोसिन रक्तात वाढतं आणि डोळ्याच्या कॉर्नियाला इजा होऊ शकते, म्हणून डोळ्यांची तपासणी आणि प्रथिनांवर नियंत्रण लागतं. प्रथिनांची मर्यादा खरी कामाला येते ती इथं, औषधाच्या जोडीला.