७५ टक्क्यांचा नियम आणि खाडीकाठची हवा: ऐरोलीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

ऐरोलीकर, नमस्कार.

आधी चूक कबूल करतो. अंघोळ सुरू झाली की बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आपोआप चालू व्हावा म्हणून ट्रेंड सेन्सर (आर्द्रता किती वेगाने चढतेय ते बघणारा सॉफ्टवेअरमधला सेन्सर) लावण्याच्या लेखात मी किमान चढ, म्हणजे कमीत कमी किती वेगाने चढली की तो ऑन व्हावा तो आकडा, १.२ दिला होता. तुम्ही तो तसाच भरलात, दोन रविवार घालवलेत आणि सेन्सर एकदाही ऑन झाला नाही. होणारच नव्हता. होम असिस्टंटमध्ये (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, हा सेन्सर त्यातलाच) हा आकडा दर सेकंदाचा असतो. माझ्या घरच्या फाइलमध्ये ०.०२ आहे, लेखात सोपं करून सांगायच्या नादात मिनिटाचा हिशेब मांडला आणि तोच खाली उतरला. ०.०२ ला साठने गुणा, मिनिटाला १.२ टक्के होतात. लेख दुरुस्त केलाय. दोन रविवार माझ्याकडे उधार.

पण पुढे तुम्ही म्हणता की हे सगळं डोंगर पोखरून उंदीर काढणं आहे. आर्द्रता ७५ च्या वर गेली की पंखा चालू, खाली आली की बंद, एवढं पुरे. इथे मात्र मी हटणार नाही, कारण पहिलं वर्षभर मीही हाच नियम लावून बसलो होतो.

आमचं घर घोडबंदर रोडला. जुलैत कोणी अंघोळ केलेली नसतानाही बाथरूममध्ये ८४-८५ असतं. त्यात आईने हॉलमध्ये कपडे वाळत घातले की आणखी दोन-तीन टक्के. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, पण तिच्या जागी येते ती पावसातलीच हवा. ७५ येणार कुठून? पंखा रात्रंदिवस घरघरत राहिला. जानेवारीत उलटं. सुरुवातच पन्नासच्या आसपास, कडक पाण्याची अंघोळ झाली तरी काटा सत्तरवरच अडकतो, आणि पंखा ढिम्म. म्हणजे ७५ चा नियम पावसाळ्यात बंद होत नाही, थंडीत चालू होत नाही. तुमच्याकडेही खाडी जवळच आहे, वेगळं असेल असं वाटत नाही.

अंघोळ ओळखायची ती आकड्यावरून नाही, आकडा किती झपाट्याने चढतो त्यावरून. गिझरचं पाणी सुरू झालं की आमच्याकडे सहा मिनिटांत तेरा-चौदा टक्के वाढतात. वाळत घातलेले कपडे दोन-तीन टक्के वाढवायलाही अख्खी दुपार घेतात. ट्रेंड सेन्सर साठवलेल्या नमुन्यांमधून, म्हणजे आर्द्रतेच्या एकेका नोंदीतून, एक सरळ रेष बसवतो आणि तिचा चढ बघतो. म्हणूनच मूळ सेटिंगमधले दोन नमुने ठेवू नका. दोन बिंदूंची रेष म्हणजे सेन्सरची जरा थरथर झाली तरी वाकडी. माझा आर्द्रतेचा सेन्सर दर १५ सेकंदांनी वाचतो, म्हणून कमाल नमुने २० आणि कालावधी ३०० सेकंद.

तुमच्या टीकेतला एक मुद्दा मात्र पटला, आणि तो लेखात यायला हवा होता: पंखा बंद करायचं काम ट्रेंडवर सोपवू नये. आकडा ९९ वर जाऊन थिजला की नवा नमुनाच येत नाही, आणि नमुना आला नाही की ट्रेंड जुन्याच निकालावर बसून राहतो. माझ्याकडे ट्रेंड फक्त चालू करतो. वीस मिनिटांनी टायमर बंद करतो. साधा, अडाणी टायमर.

आणि ट्रेंडला खरी टक्कर देईल अशी पद्धत ७५ ची नाही, ती वेगळीच: हॉलमध्ये दुसरा सेन्सर ठेवून दोघांतला फरक बघायचा. तीही ऋतूला जुमानत नाही. मला एका पंख्यासाठी दोन सेन्सर जिवावर आले, एवढंच.

‘बटण दाबायला काय हात मोडलेत का’ हेही विचारलंत. हात शाबूत आहेत. बाबा पंखा लावायला विसरतात, मी बंद करायला विसरतो, आणि छताच्या कोपऱ्यातली काळी बुरशी गेल्या पावसाळ्यात दोनदा खरवडली.

आता ०.०२ घालून बघा. तरीही हलला नाही, तर तुमचा सेन्सर बॅटरीवरचा आहे का ते कळवा. ते बहुतेक आकडा बराच बदलल्यावरच निरोप पाठवतात. मग पाच मिनिटांत जेमतेम तीन-चार नमुने जमतात. किमान नमुने मी आठ लिहिले होते, तिथे तुम्हाला तीन करावे लागतील.