झोपेचं खोबरं: रीतसर कृती

विद्यापीठात येऊनही तुम्ही रात्री अकराला आडवे होता आणि पाच मिनिटांत घोरता? हे शोभत नाही. उपाय आहे.

सुरुवात संध्याकाळपासून करा. वीस मिनिटांची डुलकी भित्र्यांसाठी. तुम्ही पाच ते सात ताणून द्या. गाढ झोपेतून उठल्यामुळे डोकं जड होईल, रात्रीसाठी साठलेली पेंगही परस्पर खर्ची पडेल. जडपणा घालवायला लगेच मोठा मग कॉफी. कॅफिन अर्धं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, म्हणजे सातच्या मगातलं अर्धं रात्री बाराला तुमच्या सोबतीला जागं. दिवसभर मेंदूत साठणारं ॲडेनोसिन ‘आता पड’ म्हणून सांगायला येतं, तर त्याच्या खुर्चीत कॅफिन ठाण मांडून बसलेलं. थकवा जिथल्या तिथे, फक्त निरोप पोचत नाही.

आता पलंग. अभ्यास, जेवण, मालिका, फोनवरची भांडणं, सगळं त्यावरच उरका. मेंदू हुशार असतो. पलंग म्हणजे कामाची जागा हे तो लवकरच शिकतो आणि उशीला डोकं टेकताच टक्क जागा होतो. अशा वेळी ‘वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठा, मंद उजेडात काहीतरी रटाळ वाचा, पेंग आली की परत या’ असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, उपाय भलताच गुणकारी आहे. तुम्ही पडूनच राहा आणि घड्याळ बघा. ‘आत्ता लागली तर चार तास पस्तीस मिनिटं.’ थोड्या वेळानं, ‘चार तास दहा.’ वजाबाकी तरी पक्की होईल.

उद्या पेपर असेल तर झोपूच नका. वाचलेलं डोक्यात पक्कं बसवण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. ती दगदग मेंदूला कशाला? सलग १७ तास जागं राहिलं की हात-नजरेचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा होतो, असं १९९७ च्या एका प्रयोगात दिसलं. म्हणजे फुकटात झिंग, वर तोंडाला वासही नाही.

रविवारी दुपारी एकला उठा. शरीराचं घड्याळ मागे पडलं की सोमवारचं आठचं लेक्चर त्याच्या लेखी पहाटेचं.

महिनाभरानं प्रगती तपासायला १९८९ पासून वापरात असलेली पिट्सबर्ग प्रश्नावली आहे. एकूण २१ गुण. पाचाच्या वर गेलात की झोप खराब ठरते. या सत्रात निदान एका विषयात पास.