टॉस आपण जिंकला होता

कोल्हापूर सोडून ढाक्याजवळच्या गाझीपूरला कापडाच्या धंद्यात आलो, पण फुटबॉल अजून पेठेचाच आहे. पेठेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बांगलादेशचा विषय निघाला की कुणीतरी ८ फेब्रुवारी २०२४ ची फायनल काढतंच. "टॉस जिंकूनबी कप निम्मा दिला, वर आपल्या पोरींच्या अंगावर बाटल्या!" इथं कारखान्यात तीच फायनल वेगळी सांगतात. इंडिया म्हणे नाणं उडवून कप घेऊन निघाली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकोणीस वर्षांखालच्या मुलींची सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची फुटबॉल स्पर्धा, मैदान ढाक्यातलं कमलापूर. शिबानी देवीनं आठव्याच मिनिटाला भारताला पुढं नेलं. बांगलादेशच्या सागरिकानं भरपाई वेळेत बरोबरी केली. पेनल्टीत दोन्हीकडच्या अकराही पोरींनी, गोलकीपर धरून, गोल मारले. अकरा-अकरा. नियम सांगतो की पुन्हा पहिल्यापासून मारत राहायचं. पण मॅच कमिशनरनं रेफ्रीला नाणं उडवायला लावलं. कौल आपला लागला, आपल्या पोरी नाचल्या. बांगलादेशनं हरकत घेतली, कमिशनरनं निर्णय फिरवला आणि पुन्हा पेनल्टीला बोलावलं. आपला संघ काही परत उतरला नाही. स्टँडातून बाटल्या आल्या आणि बऱ्याच वेळानं दोघांनाही विजेतं जाहीर करून विषय मिटवला. (१९६८ च्या युरो स्पर्धेत इटलीनं सोव्हिएत संघाविरुद्धची सेमीफायनल नाण्यावरच जिंकली होती. पण तेव्हा पेनल्टीची पद्धतच नव्हती.)

माझं मत ग्रुपवर तेव्हाच टाकलं होतं. बाटल्या फेकणं नीचपणाच, पण कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर असलंच बघत वाढलेल्यांनी त्यावर प्रवचन देऊ नये. नियमाच्या बाबतीत बांगलादेशचं बरोबर होतं आणि आपण पेनल्टीला परत उतरायला हवं होतं. उत्तर आलं, "तू तिकडचाच झालास लगा."

तिकडचा म्हणजे कुठला? वर्ल्डकपच्या वेळी इथंही पेठेसारखे घराघरावर ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, भांडणंही त्यावरूनच होतात. मला परगावी आल्यासारखं वाटतच नाही. फरक मुलींच्या बाबतीत दिसतो, आणि तो आपल्याला खाली मान घालायला लावणारा आहे.

त्या फायनलनंतर शुक्रवारची सुट्टी झाली आणि शनिवारी एका शिलाई ऑपरेटरनं सागरिकाचा पेपरातला फोटो आपल्या मशीनला चिकटपट्टीनं लावला. बायरचं, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीचं ऑडिट होतं, मशीनवर काही चिकटवलेलं चालत नाही, म्हणून सुपरवायझर काढायला गेला. पूर्ण लाइन त्याच्याकडं बघायला लागली. शेवटी त्यानंच तोडगा काढला. मोडलेल्या सुयांचे तुकडे चिकटवून ठेवायचं रजिस्टर असतं, त्याच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला फोटो गेला. ऑडिटरनं पानं तपासली, पुठ्ठा नाही.

एकोणीस वर्षांखालच्या पोरीचा फोटो कामावर लावावा असं बाईला वाटतं, हे एका रात्रीत घडत नाही. प्राथमिक शाळांतल्या मुलींची देशभरची फुटबॉल स्पर्धा इथं २०११ पासून सुरू झाली. मैमनसिंग जिल्ह्यातलं कोलसिंदूर हे सीमेलगतचं गाव त्यातूनच नावारूपाला आलं. तिथल्या शाळेतल्या पोरी थेट राष्ट्रीय संघात गेल्या. २०२२ मध्ये काठमांडूत नेपाळला ३-१ हरवून मोठ्या मुलींनी सॅफ कप आणला, तेव्हा ढाक्यात त्यांची उघड्या बसमधून मिरवणूक निघाली. २०२४ मध्ये पुन्हा कप आणला.

सगळं गोडगोड आहे असं नाही. जानेवारी २०२५ मध्ये जयपुरहाट जिल्ह्यात मुलींचा सामना होऊ नये म्हणून जमावानं मैदानाचं कुंपण मोडलं. आमच्या लाइनवर त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. चिडल्या होत्या की घाबरल्या होत्या, मी विचारलं नाही.

आता घरची चर्चा बघा. १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात आपला पुरुषांचा संघ ०-१ हरला. बांगलादेशकडून २००३ नंतरची पहिली हार. ग्रुपवर लगेच पासपोर्टचा विषय पेटला. त्यांच्याकडं इंग्लंडमध्ये वाढलेला हमझा चौधरी आहे, आपण परदेशातल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना का घेत नाही? रायन विल्यम्सनं ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारताचा घेतला, तसे आणखी आणा. आणा की, माझी हरकत नाही. पण २०२२ चा तो कप कुणा परदेशी पासपोर्टनं आलेला नव्हता, आणि त्यावर ग्रुपवर एक अक्षर नव्हतं.

आपल्या पोरी कमी आहेत असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये थिंफूला सतरा वर्षांखालच्या मुलींची सॅफ गुणांवर भारतानंच जिंकली, शेवटच्या सामन्यात बांगलादेशकडून ३-४ हरूनही. पाहिली कुणी? सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्डकपची फायनल २०२२ मध्ये नवी मुंबईत झाली, गोव्यातही सामने झाले. आपला अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्डकप खेळला तेव्हा कोल्हापूरनं त्याला डोक्यावर घेतलं, ते योग्यच. पण पाटाकडील आणि दिलबहार या कोल्हापूरच्या दोन तालमींचे संघ भिडले की स्टेडियमला जागा पुरत नाही, मुलींच्या सामन्याला मात्र आईबाप आणि कोच. कुठल्या पेठेला आपल्या रंगाच्या जर्सीत पोरी उतरवाव्यात असं मनापासून वाटतं, ते मला दाखवा.

जुलै २०२५ मध्ये वीस वर्षांखालच्या मुलींची सॅफ पुन्हा ढाक्यात झाली. भारताचा संघ आलाच नाही. बांगलादेशनं सहाच्या सहा सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात नेपाळवर ४-०, चारही गोल सागरिकाचे. टॉसवरून दीड वर्ष भांडणाऱ्या आमच्या ग्रुपला, आपण खेळलोच नाही हे मी सांगितल्यावर कळलं.

म्हणून मी आमच्या पेठेच्या तालमीपुढं, म्हणजे संघ उतरवणाऱ्या मंडळापुढं, एक प्रस्ताव ठेवलाय. पुढच्या हंगामात मुलींचा संघ उतरवा, पेठेच्याच नावानं, पेठेच्याच रंगात. जर्सी माझ्याकडून. खजिनदारानं विचारलं, बांगलादेशचे तयार कपडे मे २०२५ पासून जमिनीच्या सीमेवरून बंद आहेत ना, न्हावाशेवा नाहीतर कोलकाता बंदरातूनच यायला पाहिजेत? बरोबर आहे, म्हटलं. पण तो नियम कंटेनरचा आहे. बावीस जर्सी माझ्या बॅगेत बसतात. तू पोरींची यादी पाठव, मापं लागतील.