एक स्टार मिळालेल्या क्लचच्या कामाबद्दल, गॅरेज मालकाकडून उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला, दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं की आधी क्लचची केबल ॲडजस्ट करून पैसे घेतले, वीस दिवसांत पूर्ण क्लच सेट गळ्यात मारला, वर ऑइल सीलचं (तेल गळू न देणारं रबरी कडं) वेगळं बिल लावलं आणि एवढं करून गाडीला जळका वास येतोच आहे. शिवाय तुम्ही घरी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच सोडून बघितला होता, इंजिन बंद पडलं, म्हणजे क्लच चांगलाच होता.

पहिली चूक आमची आहे ती आधी सांगतो. पहिल्यांदा आलात तेव्हा क्लच पेडलला प्ले (क्लच सुटायला लागण्याआधी पेडल मोकळं दाबलं जातं ते अंतर) अजिबात नव्हता. साधारण १० ते २० मिलिमीटर तरी लागतो, गाडीप्रमाणे कमीजास्त. प्ले नसला की रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला इंजिनच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरते ती) बोटांवर सतत टेकून राहतं, क्लच प्लेट पूर्ण दाबली जात नाही आणि नवा क्लचसुद्धा स्लिप होतो (इंजिन फिरतं, पण जोर चाकांपर्यंत पूर्ण जात नाही), म्हणून आधी केबल बघणं बरोबरच होतं, थेट गिअरबॉक्स उतरवायला घेतला असता तर त्यावरूनही बोलला असतात. पण प्ले मुळात संपला का, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. क्लच प्लेट झिजत जाते तशी प्रेशर प्लेटची बोटं बेअरिंगकडे सरकतात आणि प्ले खाऊन टाकतात, म्हणजे बऱ्याचदा ती प्लेट संपत आल्याचीच खूण असते. आणि आमच्या पोराने टेस्ट ड्राइव्ह घेतली ती सपाट रस्त्यावर, दुसऱ्या गिअरला, त्यात काय कळणार कप्पाळ. गाडी मी स्वतः चालवून बघायला हवी होती. त्या ॲडजस्टमेंटचे पैसे परत देतो, त्यात वादच नाही.

आता हँडब्रेकच्या टेस्टबद्दल. ती खोटी नाही, पण पार गेलेला क्लच तेवढा त्यात पकडला जातो. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) इंजिनमध्ये जोर असतो किती, तेवढा अर्धा झिजलेला क्लचही आरामात धरतो. स्लिप व्हायला लागतो तो लोडवर, वरच्या गिअरला, प्लेट गरम झाली की. दुसऱ्या वेळी तुम्ही शेजारी बसला होतात, चढावर चौथ्या गिअरला ४५ च्या स्पीडने जाताना मी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, आरपीएमचा काटा दीड हजारावरून टुणकन तीन हजाराच्या वर आणि स्पीडचा काटा जागच्या जागी, आठवतंय ना? तुम्हीच म्हणालात, आवाज वाढला पण गाडी ओढत नाहीये. झालं की मग डायग्नोसिस. आणि ती हँडब्रेकवाली टेस्ट परत परत करू नका, क्लच घसरत असला तर उरलीसुरली प्लेट त्यातच जळते.

सीलचं आधी का नाही सांगितलं, तर गिअरबॉक्स खाली उतरल्याशिवाय ते दिसतच नाही. उतरवल्यावर प्लेटच्या रिव्हेट जवळजवळ लायनिंगच्या (प्लेटवरचा पकड धरणारा थर) बरोबरीला आलेल्या, फ्लायव्हीलवर निळे डाग पडलेले (हे नुसतं उष्णतेने होतं) आणि प्लेटची इंजिनकडची बाजू तेलाने काळी चकचकीत. गिअर ऑइल असतं तर गंधकासारखा उग्र वास आला असता आणि तेल गिअरबॉक्सकडच्या इनपुट शाफ्टच्या बाजूला दिसलं असतं. इथे तेल फ्लायव्हीलकडून आलेलं, म्हणजे गळत होतं ते क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील. ते हातात घेतलं तर रबर कडक होऊन पार प्लॅस्टिकसारखं झालेलं. ते तसंच ठेवून नवी प्लेट बसवली असती तर काही महिन्यांत तीही तेल प्याली असती, आणि प्लेटने एकदा तेल पिलं की पेट्रोलने कितीही धुवा, गरम झाली की परत बाहेर सोडते. उद्या त्यासाठी गिअरबॉक्स परत उतरवायचा म्हणजे सगळी मजुरी डबल. तरीसुद्धा फोन करून विचारायला हवं होतं, नुसता मेसेज टाकून काम पुढे नेलं, हे मान्य.

राहिला वास. फ्लायव्हील घासून घेतलंय, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही नवीन आहेत, त्यामुळे सुरुवातीला थोडा वास येतो. पहिले ५०० किलोमीटर तरी ओव्हरलोड नको, झटक्यात उचलणं नको. पण एक सांगतो, राग मानू नका. गाडी न्यायला आलात तेव्हा आमच्या गेटच्या चढावर पुढची रिक्षा हलेपर्यंत तुम्ही ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरून उभे होतात, मी मागेच उभा होतो, वास तिथेच यायला लागला. डावा पाय पेडलवर ठेवून चालवायची सवय असेल तर तीही बघा.

५०० किलोमीटरनंतरही वास आला किंवा चौथ्यात काटा परत उडाला तर गाडी घेऊन या, मी स्वतः शेजारी बसवून चालवून दाखवतो, चेक करायचे पैसे नाहीत. जुनी प्लेट आणि ते सील तुमच्या गाडीचा नंबर लिहून खोक्यात ठेवलंय, टाकलेलं नाही, येताना बघून घ्या आणि केबलचे पैसेही त्याच वेळी घेऊन जा.