सामी लोकांना मधुमेह होतच नाही?

आहाराच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'उत्तर ध्रुवाजवळचे सामी लोक धान्य-भाजी खात नाहीत, फक्त रेनडिअरचं मांस आणि चरबी खातात. त्यांना हृदयविकार, मधुमेह माहीतच नाही. अन्न शुद्ध, म्हणून कॅन्सरही नाही. रहस्य त्यांच्या रक्तात आहे.' माझ्याकडे तो तिसऱ्यांदा आला तो नात्यातल्या एका काकांकडून, आणि त्यांनी त्या भरवशावर मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

'फक्त मांस खातात.' सामी लोक नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात राहतात. नॉर्वेतल्या सामींपैकी रेनडिअर पाळणारे दहात एक असतील. किनाऱ्यावरचे सामी पिढ्यानपिढ्या मासेमारी करत आले, जोडीला थोडी शेती आणि गुरं. स्वीडनच्या उत्तरेकडल्या लॅपलंडच्या दक्षिण भागातल्या वयस्कर सामींना १९३० ते १९५० च्या काळातल्या जेवणाबद्दल विचारलं, तेव्हा संशोधकांनाच नवल वाटलं. तिथे रेनडिअरच्या मांसापेक्षा तेलकट मासे जास्त महत्त्वाचे असावेत, असं दिसलं. शिवाय रानातली बोरवर्गीय फळं होतीच.

'हृदयविकार, मधुमेह माहीतच नाही.' हे साफ चूक आहे, आणि ते मोजून तपासलेलं आहे. नॉर्वेत 'सामिनोर' नावाची मोठी पाहणी चालते. पहिली फेरी २००३-०४ मध्ये झाली. २४ नगरपालिकांच्या हद्दीतल्या सोळा हजारांहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला. रक्त तपासलं, बीपी घेतलं, कमरेचा घेर मोजला. हृदयविकाराच्या धोक्यात सामी आणि शेजारचे इतर लोक यांच्यात फारसा फरक निघाला नाही. सामी स्त्रियांत लठ्ठपणाचं प्रमाण मोठं होतं. २०१२-१४ च्या फेरीत तर मधुमेह सामींमध्ये शेजाऱ्यांपेक्षा जास्तच आढळला. काका, हे वाक्य कृपा करून दोनदा वाचा.

इथे एक प्रश्न पडायला हवा: सामी कोण, हे ठरवलं कसं? नॉर्वेच्या सरकारी नोंदींत कुणाचा वंश लिहिलेला नसतो. मृत्यूच्या दाखल्यांवरून 'सामी अमुक रोगाने मरत नाहीत' असं सरळ काढताच येत नाही. म्हणून सामिनोरने त्या भागातल्या ठरावीक वयाच्या सगळ्यांनाच बोलावलं आणि फॉर्मवर विचारलं: घरी तुम्ही कोणती भाषा बोलता? आई-वडील कोणती बोलायचे? आणि आजी-आजोबा, दोन्हीकडचे? पुढे चौकटी: नॉर्वेजियन, सामी, क्वेन, इतर. (क्वेन म्हणजे फिनलंडकडून पूर्वी आलेल्यांचे वंशज.) एकापेक्षा जास्त चौकटींवर खूण करायला मुभा होती, आणि ती लागणारच, कारण तिकडे एकाच घरात सामी, क्वेन आणि नॉर्वेजियन अशी तिन्ही रक्तं सापडतात. त्यातून नॉर्वेने शंभरेक वर्षं सामी आणि क्वेन मुलांवर शाळेत नॉर्वेजियन लादली. आजी सामी बोलायची, आईने ती मुलांना शिकवलीच नाही, अशी घरं पुष्कळ आहेत. भाषा कुठल्या पिढीपर्यंत मोजायची, त्यावर आकडे बदलतात. एवढी काळजी घेऊन काढलेले निष्कर्ष एका ओळीच्या फॉरवर्डमध्ये पार चिरडले जातात, याचा मला खरंच राग येतो.

'अन्न शुद्ध, म्हणून कॅन्सर नाही.' यात अर्धं खरं आहे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड तिन्हीकडे सामींमध्ये कॅन्सरचं एकूण प्रमाण कमी आढळलंय. कमी, शून्य नव्हे. पण शुद्धतेचं काय? रेनडिअर हिवाळ्यात मुख्यतः लायकेन खातो, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचा भाऊबंद. त्याला मुळं नसतात, जे मिळतं ते पावसातून आणि हवेतून. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा किरणोत्सारी सीझियम पावसाबरोबर तिथे पडला आणि लायकेनमधून थेट मांसात उतरला. नॉर्वेने रेनडिअरच्या मांसासाठीची मर्यादा किलोला ६०० बेकरेलवरून (बेकरेल म्हणजे किरणोत्सार मोजायचं एकक) ६,००० वर नेली, नाहीतर मांस विकताच आलं नसतं आणि पाळणाऱ्यांचा धंदा बसला असता. तेव्हा कॅन्सर कमी असण्याचं श्रेय शुद्ध अन्नाला देता येत नाही.

आणि 'रहस्य रक्तात आहे' हे वाक्य तर सामींना ऐकवूच नये. १९२२ मध्ये स्वीडनच्या उप्साला शहरात वंशजीवशास्त्राची, म्हणजे माणसांना शरीरावरून वंशांत वाटून उच्च-नीच ठरवणाऱ्या तेव्हाच्या 'शास्त्रा'ची, सरकारी संस्था निघाली. तिच्या लोकांनी सामींची डोकी मोजली, त्यांना विवस्त्र उभं करून फोटो काढले. नॉर्वेत नाइडन इथे १९१५ मध्ये स्कोल्ट सामींची (सामींचाच एक गट) थडगी उकरून सांगाडे संशोधनासाठी नेले. त्यातले ९४ जण २०११ मध्ये परत आणून पुन्हा पुरले. आज नॉर्वेत सामींच्या आरोग्यावर संशोधन करायचं तर प्रत्येकाची वेगळी संमती असतेच, शिवाय सामींनी निवडून दिलेल्या सामी संसदेकडे समाजाची सामूहिक संमतीही मागितली जाते.