आफ्रिका एका दमात उरकण्याची सोपी पद्धत

आफ्रिका हा एक देश आहे. एवढं आधी पाठ करून टाका, पुढचं सगळं यावरच उभं आहे. त्या देशात ऊन असतं, सिंह असतात आणि उरलेल्या जागेत माणसं असतात. कुणी शहाणा येऊन ‘अहो, तिथं ५४ देश आहेत’ म्हणालाच, तर ‘असतील की’ म्हणावं आणि विषय टोलनाक्याकडं न्यावा.

नकाशा बघायची हौस असेल तर शाळेच्या भिंतीवरचा जुना बघा. त्यात ग्रीनलँड आणि आफ्रिका साधारण एका मापाचे दिसतात. वास्तविक आफ्रिका ग्रीनलँडच्या चौदापट आहे. गोल पृथ्वी चौकोनी कागदावर ताणली की ध्रुवांकडचे प्रदेश फुगतात, विषुववृत्ताजवळचे बिचारे आहेत तेवढेच राहतात. आफ्रिकेचं क्षेत्रफळ ३ कोटी चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या भारताच्या नऊपट. नैरोबीच्या माणसाला पश्चिम टोकाच्या डाकारपेक्षा आपली मुंबई जवळ पडते. पण हे लक्षात ठेवून तुम्हाला काय करायचंय? तुम्हाला थोडंच तिकडं जायचंय?

हवामान एका शब्दात सांगावं: ऊन. किलिमांजारो विषुववृत्तापासून तीनेक अंशांवर उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. मोरोक्कोत अ‍ॅटलासच्या डोंगरात लोक बर्फावर घसरायला जातात. केप टाउनला आपल्यासारखाच जूनमध्ये पाऊस असतो, फक्त तिथं तेव्हा हिवाळा असतो. लेसोथो नावाच्या देशातलं सगळ्यात सखल ठिकाण १,४०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या पन्हाळ्याच्या माथ्यापेक्षाही वर. काँगोच्या खोऱ्यात इतकं जंगल आहे की त्याहून मोठं वर्षावन जगात फक्त अ‍ॅमेझॉनचं. हे सगळं वाचूनही तोंडातून ‘ऊन’च आलं पाहिजे. फक्त एक सांभाळा. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. शिरोळात महापूर येतो तोसुद्धा बहुतेक दुसरीकडच्याच पावसाचा. बारा तालुक्यांत ही तऱ्हा, तर ५४ देशांत काय असेल, असला विचार डोक्यात शिरला तर लगेच क्रिकेट लावा.

राजधानी विचारली तर नैरोबी. देश कुठलाही असो.

भाषेचं तर फारच सोपं आहे. ते लोक ‘आफ्रिकन’ बोलतात. तिथं २,००० च्या आसपास भाषा आहेत, त्यातल्या ५०० च्या वर एकट्या नायजेरियात. इथिओपियाची लिपी स्वतःची आणि कॅलेंडरही स्वतःचं, तेरा महिन्यांचं. मादागास्करच्या भाषेची सख्खी बहीण आफ्रिकेत नाहीच, ती हिंदी महासागराच्या पार बोर्निओत सापडते, कारण हजारएक वर्षांपूर्वी तिकडचे दर्यावर्दी नावा हाकत येऊन तिथं राहिले. ज्या गावात माणूस दोन वाक्यं बोलला की तो मिरजेचा की गडहिंग्लजचा ते सांगणारे कट्ट्या-कट्ट्यावर बसलेत, त्या गावानं मात्र या दोन हजार भाषांकडं एकच कान द्यावा, तोही बहिरा.

खाण्याबद्दल ‘काय पण खातात’ एवढं पुरेसं आहे. सांगणाऱ्यानं स्वतः आजवर रक्ती-मुंडी कधी सोडलेली नसली तरी.

दिसण्यावर जास्त वेळ घालवू नका. ‘सगळे सारखेच’ म्हणा. माणसाची जात सगळ्यात जास्त काळ राहिली ती आफ्रिकेत, त्यामुळं जनुकांची सगळ्यात जास्त विविधता तिथंच आहे, बाकीचं जग म्हणजे तिथून बाहेर पडलेल्या थोड्या लोकांचा पसारा. कालाहारीतले सान, उत्तरेतले अमाझिघ, नाईलकाठचे ताडमाड डिंका, काँगोच्या जंगलातले बुटके लोक. आणि हो, मराठीसुद्धा! मॉरिशस आफ्रिकेतच मोजतात, आणि तिथं एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं-पतवंडं आजही गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते. म्हणजे तुमच्या हिशोबानं ते गणपतीवालेही ‘सगळे सारखेच’ झाले. चालेल ना?

फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर जाल तेव्हा बाहेरून आलेला खेळाडू दिसला की ‘ए नायजेरिया!’ अशी हाक मारा. तो आयव्हरी कोस्टचा असला तरी वळून बघतो बिचारा, सवय झालीय त्याला. मोरोक्को २०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरीत गेला तेव्हा आपल्यातलेच काही जण ‘आफ्रिका पोचली, आफ्रिका पोचली’ म्हणून नाचले होते. ते बरोबरच होतं, आफ्रिकेतून तिथवर पोचलेला तो पहिलाच देश. पण हाच नियम उलटा लावून बघा. त्याच गॅलरीत उभं राहून मोठ्यानं म्हणा, ‘शिवाजी पेठ काय आणि मंगळवार पेठ काय, एकच की.’ मग कसं वाटतंय ते दवाखान्यातून कळवा.

आफ्रिकेला इतिहास नाही. असलाच तर गोऱ्यांनी जाऊन लिहून दिलेला आहे. पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आपल्याला चौथीपासून पाठ असतो. ते १६६० साल, तो पाऊस, ती पावनखिंड, सगळं डोळ्यांसमोर असतं. हे सिद्दी मुळात कुठून आले, हा प्रश्न मात्र वर्गात कुणी विचारत नाही. निजामशाही पेलून धरणारा आणि मोगलांना गनिमी काव्यानं जेरीस आणणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनेत वजीर झाला. त्याच इथिओपियानं १८९६ मध्ये अडुव्याला इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला. इतिहास नाही म्हणे! १८८४-८५ मध्ये बर्लिनला टेबलाभोवती बसून युरोपातल्या देशांनी आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवले, तेव्हा त्या टेबलावर आफ्रिकेचा एकही माणूस नव्हता. एका नदीच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी म्हणजे गांबिया, आणि तिच्या तिन्ही बाजूंनी सेनेगल, असले नकाशे त्या काळच्या ओढाताणीतूनच निघाले. घरच्यांना न विचारता झालेली वाटणी किती पिढ्या भांडायला लावते, हे सातबाऱ्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना मी काय सांगू?

आता खोली भाड्यानं देण्याबद्दल. इथं वरचं सगळं शिक्षण एकदम कामाला येतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. यंदाच्या हंगामात हे सगळं मी अंगावर घेतलंय. एका संघाकडून खेळायला आलेल्या पोराला खोली बघून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पोरगं घानाचं, कुमासीचं. फोनवर सगळं गोड असतं. भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, ‘खेळाडू हाय म्हंजे चांगलंच की, आमचं पोरगंबी खेळतंय’ असंही होतं. मग दारात गेलं की मालकाची नजर आधी माझ्यावर, मग त्याच्यावर, मग परत माझ्यावर.

‘आफ्रिकेचा हाय व्हय?’

‘घानाचा, काका.’

‘म्हंजे नायजेरियाच की.’

‘नाही ओ, मध्ये टोगो आणि बेनिन असे दोन देश आहेत.’

‘तेच ओ ते. मागं पेपरात आलं होतं न्हवं.’

पेपरात काय आलं होतं, कुठल्या शहरातलं, कुठल्या देशाच्या माणसाबद्दल, काही सांगता येत नाही. आलं होतं एवढं नक्की. आपल्या जिल्ह्यातल्या माणसांबद्दल रोज पेपरात काय काय येतं ते वाचून कुणी आपल्याला पुण्यात खोली नाकारायची ठरवली, तर निम्मं कोल्हापूर हडपसरच्या फुटपाथवर झोपेल.

एका घरी काकूंनी पाणी दिलं. मला स्टीलच्या पेल्यात, त्याला प्लास्टिकच्या कपात. वाढदिवसाला आणलेले उरलेले असतात तसल्या कपात, त्यावर फुग्यांचं चित्र. त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला, पाणी प्यायलं आणि ‘थँक्यू काकू’ म्हणालं. काकू शब्द त्याला संघातल्या पोरांनी शिकवलेला. कप काकूंनी त्याच्याकडून घेतला नाही, ‘ऱ्हाऊ दे तिथंच’ म्हणाल्या.

आणि त्याच्यावरची कडी ऐका. एका काकांचा मुलगा जर्मनीत आहे. नाही म्हणून झाल्यावर, त्या पोराला गेटबाहेर तसंच उभं ठेवून, काकांनी मला पोर्चमध्ये खुर्ची दिली आणि मुलाची कहाणी सांगायला घेतली. तिकडं त्याला घर मिळेना. नाव ऐकलं की फोन ठेवतात. भारतातून आला म्हणजे घरभर मसाल्याचा वास करणार असं धरूनच चालतात. ‘तिथली लोकं लई भेदभाव करत्यात बघा,’ काका म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या! खरं पाणी. मी गेटकडं बघितलं, काकांनी नाही बघितलं. आपला पोरगा जर्मनीत ‘आशियाई’ होतो तेव्हा काळीज तुटतं, आणि दुसऱ्याचा पोरगा आपल्या दारात ‘आफ्रिकन’ होतो तेव्हा काय होतं? अंगणात कुत्रं शिरल्यागत तोंड होतं. संस्थानच्या काळात शिकारीसाठी याच कोल्हापुरात आफ्रिकेतून चित्ते आणले होते. त्यांना राहायला जागा मिळाली, खायला मटण मिळालं, चाकरीला माणसं मिळाली. दात आणि नखं असलेलं जनावर चाललं. हे पोरगं चालत नाही.

कारण विचारलं तर ‘आमचं काही नाही ओ, शेजारी बोलत्यात’ असं सांगावं. शेजारीही हेच सांगतात.

जाऊ दे. जमत नाही मला असं तिरकं बोलायला, सरळच बोलतो. लाज वाटली पाहिजे आपल्याला. त्यानं गोल मारला की खांद्यावर घ्यायचं, हलगी लावायची, मोबाईल काढून त्याच्याबरोबर फोटो काढायचे, स्टेटसला ‘नाद खुळा’ टाकायचं, आणि मॅच संपल्यावर त्यानं झोपायला चार भिंती मागितल्या की त्याला नाव उरत नाही, गाव उरत नाही, देश उरत नाही, एक खंड उरतो. दीडशे कोटी माणसं आहेत तिथं. आपल्या देशापेक्षा जास्त. त्यातला एक तुमच्या दारात आला, त्याचं गाव कुठलं हे विचारायला किती वेळ लागतो? भाडेकरू ठेवताना जात, पोटजात, आजोळ सगळं खोदून विचारता ना? तेवढी चौकशी तरी करा त्याची!

आणि हे कुठं, तर कोल्हापुरात. ज्या राजानं जातीजातीच्या पोरांना शिकायला शहरात राहता यावं म्हणून बोर्डिंगं उभी करायला लावली, त्याच्या गावात. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळेंनी हॉटेल काढलं आणि त्यांच्या हातचं कुणी पिईना, तेव्हा शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायले, लोकांसमोर प्यायले. ही गोष्ट काकूंना माहीत आहे, काकांनाही माहीत आहे, २६ जूनला शाहू जयंतीच्या भाषणात तीच ऐकून टाळ्या वाजवता तुम्ही सगळे. यंदाही दसरा चौकात हार घेऊन रांगेत उभे राहाल. राहू नका. तो हार घरीच ठेवा.