लोणारचा खार उल्केतून आलेला नाही

नमस्कार. लोणारच्या पाण्याची रासायनिक घडण बदलते असं मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही प्रतिक्रिया मनापासून लिहिली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप तीन आहेत. पाणी म्हणजे एच-टू-ओ, त्याची रासायनिक घडण बदलते म्हणणं अशास्त्रीय. लोणार सरोवर समुद्रासारखं खारट आहे ते उल्केमुळे. आणि २०२० साली ते गुलाबी झालं ते प्रदूषणाने.

आधी उल्का. ती आदळली आणि १.८ किलोमीटर व्यासाचं विवर झालं, हे खरंच. पण केनियातलं मगाडी आणि टांझानियातलं नॅट्रॉन ही सरोवरं लोणारहून कितीतरी जास्त खाराची आहेत, आणि तिथे कुठलीही उल्का पडलेली नाही. साम्य आहे ते ज्वालामुखीच्या खडकाचं आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नसलेल्या खोलगट जागेचं.

पावसाचं पाणी मातीत मुरताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि काळा पाषाण झिजवत जातं. त्यातलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन, आणि त्या कार्बन डायऑक्साइडपासून झालेल्या बायकार्बोनेटसह, ते विवराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर येतं. तिथल्याच गोमुख झऱ्याच्या धारेखाली ओंजळ धरा, पाणी गोड लागेल. असंच पाणी खाली सरोवरात जमतं आणि तिथून जातं ते मुख्यतः वाफ होऊन. क्षार मागे राहतात. पाणी आटत गेलं की आधी कॅल्शियम कार्बोनेटचा साका तळाशी बसतो. कॅल्शियम संपत येतं तरी बायकार्बोनेट शिल्लक असतं. सोडियमच्या सोबतीने त्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, होतो. समुद्रात उलट आहे. तिथे बायकार्बोनेटच्या मानाने कॅल्शियम भरपूर, म्हणून मीठ कितीही असलं तरी सामू (पाणी आम्ल की अल्क हे सांगणारं माप, ७ म्हणजे मधलं) ८ च्या आसपासच राहतो. लोणारचा १० च्या घरात आहे. दोन्ही पाणी खारट, पण घडण अगदी वेगळी.

आता एच-टू-ओ. कार्बोनेट पाण्यात नुसतं विरघळून बसत नाही. ते पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन ओढून घेतं आणि पाणी अल्क करणारा हायड्रॉक्साइड मोकळा होतो. सामू १० म्हणजे शुद्ध पाण्याच्या हजारपट हायड्रॉक्साइड! म्हणून ते पाणी बोटांवर चोळलं की बुळबुळीत लागतं, हळद टाकली की लाल होते. म्हणजे या देवघेवीत पाण्याचा रेणू स्वतः उतरलेला आहे, त्याला बाजूला ठेवून हे रसायन समजणार नाही. (पूर्वी या सरोवरातून खार काढत. पापडी, डल्ला अशी त्याच्या प्रकारांची नावं होती. तो विकत घेणाऱ्यांना हा फरक पक्का ठाऊक होता.)

गुलाबी रंगाचं कारण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं: पाणी आटून क्षार वाढले आणि क्षारात फोफावणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव वाढले. रंग त्यांच्या अंगचा. पाऊस झाला, पाणी पातळ झालं, रंग गेला.

प्रदूषणाची तुमची काळजी मात्र मला अगदी योग्य वाटते, फक्त ती गुलाबी रंगाला जोडू नका. गावाचं सांडपाणी सरोवरात जाण्याचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. सांडपाणी घाण आणतं, शिवाय गोडं पाणीही आणतं. गोडं पाणी वाढत गेलं तर खार पातळ होईल, सामू उतरेल, आणि या खारातच जगणारी स्पिरुलिना (निळं-हिरवं सूक्ष्म शेवाळ) तिथून जाईल. मला धास्ती आहे ती त्याची.